एका बॅटरीवर लावलेला टेप

माझ्या दुकानाच्या दारावर एक पाटी होती. ‘टेप बसवून मिळेल. एका बॅटरीवर बसवून मिळणार नाही.’ पाटी मीच रंगवलेली, त्यामुळं शेवटचे दोन शब्द कडेला दाटीवाटीनं बसले होते. दुकान इंदापूरच्या बाहेर, हायवेला लागून. काम गाड्यांच्या वायरिंगचं. सेल्फ, डायनॅमो, हॉर्न, दिवे, बॅटऱ्या. बारामतीत एका उस्तादाच्या हाताखाली सहा वर्षं काढली, त्याच्या शिव्या आणि त्याचं काम दोन्ही शिकलो, आणि इंदापूरला येऊन स्वतःचं शटर उघडलं.

पाटी कशासाठी ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. ट्रकला दोन बॅटऱ्या असतात. एकेक बारा व्होल्टची. एकीला एक जोडली की चोवीस होतात, आणि एवढं मोठं इंजिन फिरवायला सेल्फला चोवीसच लागतात. पण टेप बारा व्होल्टचा. मग ड्रायव्हर काय करतो, दोनांतल्या एका बॅटरीवरून वायर ओढतो आणि टेप लावतो. टेप झकास वाजतो. महिना-दोन महिने काही होत नाही. बैलजोडीतला एकच बैल रोज जास्तीचा जुंपावा आणि चारा मात्र दोघांपुढं सारखाच टाकावा, तसं हे असतं. गाडीच्या चार्जिंगला दोघींचा मिळून हिशोब कळतो, कोण उपाशी आहे ते कळत नाही. एक बॅटरी उपाशी राहते. दुसरीला अजीर्ण होतं, ती आतलं पाणी उकळून टाकते. आणि एक दिवस सेल्फ नुसता ‘कट्’ म्हणून गप्प बसतो.

उसाच्या हंगामात असले ट्रक रोज यायचे. कारखान्याच्या रांगेत अख्खा दिवस उभं राहायचं म्हणजे ड्रायव्हरला टेप हवाच, हे मलाही कळत होतं. पण बोनेट उघडून ती एकटी वायर दिसली की माझं डोकं फिरायचं. ‘आरं, बॅटरी हाय का धर्मशाळा? येईल त्यानं घुसायचं व्हय!’ असा सुरू झालो की शेजारचा पंक्चरवालासुद्धा काम सोडून ऐकायला यायचा. लोक म्हणायचे, या माणसाचं काम एक नंबर, शिव्या वर फुकट. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

बायकोचं माहेर उजनीच्या फुगवट्यापलीकडं. धरणाचं पाणी तिथं असं काही वळलंय, की लाँचनं अर्ध्या तासाची वाट रस्त्यानं फिरून गेलं तर अर्धा दिवस खाते. सासऱ्यांच्या घरी पूर्वी मेंढरं होती. चराईची रानं पाण्याखाली गेली तसा त्यांनी कळप विकला आणि लाँच घेतली. माणसं, दुधाच्या किटल्या, मोटरसायकली, शेरडं, सगळं त्यातून जायचं. मी त्यांना मामा म्हणायचो. ते मला पाव्हणं म्हणायचे. माणूस कमी बोलणारा. उतारू मोजताना ओठ हलायचे, मेंढरं मोजल्यासारखे.

लग्नानंतरचा पहिला अधिक महिना आला आणि धोंड्याचं बोलावणं आलं. अधिक महिन्यात जावयाला देवाच्या जागी बसवतात, पुरणाचे धोंडे आणि अनारसे खाऊ घालतात, टॉवेल-टोपी घालतात. जावयानं काय चुकीचं केलं तरी त्या महिन्यात ते चुकीचं नसतं, आणि आमच्याकडं हा महिना बाराही महिने चालतो. नेमकं त्याच सुमारास लाँचचं जुनं इंजिन बाद झालं होतं. ते छोटं होतं, हँडल मारून सुरू व्हायचं. त्याच्या जागी माझ्याच ओळखीनं बारामतीच्या भंगारातून ट्रकचं इंजिन आणलं. त्याला हँडल नाही, सेल्फच. मिस्त्रीनं इंजिन बसवलं आणि वायरिंगला मी दोन दिवस आधीच जाऊन बसलो.

काम मन लावून केलं. दोन बॅटऱ्यांना लाकडी पेटी केली, वायरी नळीतून घेतल्या, टर्मिनलला ग्रीस लावलं. दुसऱ्या दिवशी मामा जरा संकोचून म्हणाले, ‘पाव्हणं, एक दिवा, तळातलं पाणी उपसायचा पंप, आन् जमलंच तर एक टेप. सकाळच्या फेरीला भजन लागलं तर बरं व्हईल.’

तिन्ही वस्तू बारा व्होल्टच्या. चोवीसचे बारा करणारा डबा मिळतो, पण तो पुण्यात. मी तो आणला नव्हता. तिकडं घाटावर सगळं भावकीचं माणूस गोळा झालेलं, जावयानं केलेली लाँच बघायला. जेवणं झाली की पूजा आणि पूजा झाली की टेप वाजला पाहिजे, असं वातावरण. मी इकडंतिकडं बघितलं आणि एका बॅटरीवरून वायर ओढली. पुढच्या खेपेला डबा आणू, एवढं मनाशी म्हटलं. टेप वाजला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामांनी माझ्या डोक्यावर टोपी घातली.

पुढं मी विसरलो, असं म्हणणं सोयीचं आहे. खरं म्हणजे मला आठवायचं. पण जेव्हा जायचो तेव्हा विचारायचो, ‘मामा, लाँच कशी हाय?’ आणि मामा म्हणायचे, ‘एकदम झकास. तुमच्या कामाला काय बघायला नगं.’ मग कशाला पुण्याला जातोय? दुकानात तोवर मी चार ट्रकवाल्यांना त्याच कामावरून फाडून खाल्लेलं असायचं.

आता बायकोचं सांगतो. आमच्या वस्तीवरच्या अंगणवाडीत ती मदतनीस होती. पोरं गोळा करायची, खाऊ शिजवायचा, भांडी घासायची. तिथल्या सेविका बाई नोकरी सोडून नवऱ्याच्या गावी निघाल्या होत्या. ऑफिसातल्या मॅडमनी हिला स्पष्ट सांगितलं, जूनपर्यंत दहावी पासचा दाखला आण, जागा तुझी. नाही आणलास तर बाहेरचं माणूस भरावं लागेल. दहावीला हिचा एकच विषय राहिला होता, गणित. दोनदा गेलेला. मार्चचा पेपर हीच काय ती संधी.

हिनं जीव लावून अभ्यास केला. आमचं घर दुकानाच्या मागंच. नव्या बॅटऱ्यांची खोकी मी फेकायला काढली की ती उचलून न्यायची आणि आतल्या बाजूला गणितं सोडवायची. पुठ्ठ्यावर पेन्सिल चांगली उठते म्हणायची. पण दिवसभर हॉर्न तपासायचं काम चालायचं, त्यात कसलं गणित होणार? शेवटचे पंधरा दिवस मीच तिला माहेरी धाडलं. पेपरच्या आदल्या दिवशी परत येते म्हणाली, तर मीच म्हटलं, ‘कशाला? रात्रभर ट्रकचं ऐकत बसशील. सकाळच्या पहिल्या फेरीनं ये. मी घाटावर गाडी घेऊन थांबतो. लाँच आपल्या हातची आहे.’ हे वाक्य मला अजून जसंच्या तसं आठवतं.

पेपर अकराला, इंदापुरात. लाँच आठला पलीकडून सुटायची. साडेआठला ती अलीकडं, तिथून मोटरसायकलवर पाऊण तास. म्हणजे वेळेचं ओझं काहीच नव्हतं. मी आठलाच घाटावर जाऊन उभा राहिलो. पाणी शांत होतं, वारा नुकता सुटायला लागला होता. लाँच निघालेली दिसली. मग भजन ऐकू यायला लागलं. पाण्यावरून आवाज फार लांबून येतो.

निम्म्यावर आली आणि इंजिनाचा आवाज बसला. कुणीतरी टाकलेलं मासेमारीचं जाळं लाँचच्या तळाच्या पंख्यात गुंतलं होतं, हे मला नंतर कळलं. तिकडून मला एवढंच दिसत होतं की दोन माणसं मागं वाकलीत. हे नवीन नव्हतं, जाळी अडकायची. जाळं कापायचं आणि पुन्हा सुरू करायचं. पण इंजिन बंद आणि भजन चालूच. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. मग मला ऐकू आलं की भजनाचा आवाज जाड व्हायला लागलाय. गाणारा दमल्यासारखा. टाळसुद्धा सावकाश वाजायला लागले.

घाटावर उभ्या असलेल्या कुणालाच काही कळलं नव्हतं, मला एकट्याला कळलं होतं. मी पाण्यात गुडघाभर शिरून बोंबललो, ‘मामा, टेप बंद करा! टेप बंद करा!’ वारा माझ्याच तोंडावर होता. तिकडून हिनं हात हलवला. तिला वाटलं मी आल्याची खूण करतोय.

मग ‘कट्’ असा आवाज आला. थोड्या वेळानं पुन्हा. मामा बटण दाबत होते. मग काहीच नाही.

एका मासेमाराच्या लहान होडीनं शेवटी तिला उतरवून आणलं, तेव्हा अकरा वाजून गेले होते. होडीत ती ताठ बसली होती, कंपासपेटी मांडीवर, हॉलतिकीट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ब्लाउजपाशी धरलेलं. मी गाडी मारली तशी आयुष्यात पुन्हा कधी मारली नाही. शाळेच्या फाटकात शिरलो तेव्हा अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. तिथले सर वाईट नव्हते. ते म्हणाले, ‘बाई, अर्ध्या तासानंतर आत घेता येत नाही. माझ्या हातात असतं तर घेतलं असतं.’ मी आवाज चढवला. हिनं माझ्या दंडाला धरून मला बाजूला केलं आणि पायरीवर जाऊन बसली.

ती रडली नाही. पेपर सुटला तेव्हा एका मुलीकडून तिनं प्रश्नपत्रिका मागून घेतली. घरी आल्यावर बॅटरीचं खोकं फाडलं आणि घड्याळ लावून सगळा पेपर सोडवला. मग भाकरी टाकायला उठली. मी पुठ्ठा उचलून बघितला. मला गणितातलं फार येत नाही, पण शेजारच्या मास्तरांना दाखवला. ते म्हणाले, ‘आरामात पास आहे की.’ तो पुठ्ठा मी कितीतरी दिवस फेकू शकलो नाही.

दुसऱ्या दिवशी मी लाँचवर गेलो. मीटर लावायची गरज नव्हती, तरी लावला. ज्या बॅटरीवरून टेप घेतला होता ती बसलेली. दुसरीची झाकणं उघडली तर आत पाणी नाही, पत्रे उघडे पडलेले. दुकानात पोरांना शिकवायला म्हणून ठेवावी अशी ती जोडी होती. पण मला धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीनं. बसलेल्या बॅटरीच्या अंगावर खडूचे आकडे होते. चार्जिंगच्या दुकानात बॅटऱ्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून असे नंबर टाकतात. एकाखाली एक, अर्धवट पुसलेले पाच नंबर होते. आणि त्यातला एकही माझ्या हातचा नव्हता.

म्हणजे ही बॅटरी पाच वेळा कुणीतरी दुसऱ्या दुकानात नेऊन चार्ज करून आणली होती. इंदापुरात, लेकीच्या नवऱ्याचं बॅटऱ्यांचंच दुकान असताना.

घरी येऊन मी हिला विचारलं. ती पीठ चाळत होती. मामांना ती आबा म्हणते. चाळणी न थांबवता म्हणाली, ‘आबा न्यायचे. पलीकडच्या बाजाराच्या गावात. दर म्हैन्याला. सेल्फ जड उचलायला लागला की.’

‘मग मला का न्हाय सांगितलं?’

‘जावयाच्या कामाला नाव कसं ठेवायचं म्हणायचे. पाव्हण्यांना वाईट वाटंल. मलाबी शपथ घातली होती.’ मग चाळणी थांबवून म्हणाली, ‘ह्या म्हैन्यात न्यायची राहिली. माझा पेपर होईस्तवर लाँच एक दिवस बी बंद ठेवायची न्हाय म्हणले.’

एवढं बोलून ती पुन्हा चाळायला लागली. माझ्यावर ओरडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. मला माझी लाज वाटली, आणि त्या लाजेचा राग येऊन मी त्या आठवड्यात दोन गिऱ्हाइकं तोडली.

घाटावर मात्र मामांनी गोष्ट तयार करून ठेवली होती. जाळं अडकलं. इंजिन तापलं. कुणी वायरिंगचं नाव काढलं तर म्हणायचे, ‘पाव्हण्यांचं काम चोख हाय, त्यात काय बोलायचं न्हाय.’ आणि मीही गप्प राहिलो. नव्या बॅटऱ्या घातल्या, दिवा, पंप आणि टेप यांच्यासाठी तिसरी बॅटरी वेगळी बसवली, तिला इंजिनावरच दुसरा छोटा डायनॅमो पट्ट्यानं जोडला. ते काम इतकं चांगलं झालं की लोक बघायला यायचे. का केलं ते कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

जूनमध्ये जागा दुसरीला गेली. ऑक्टोबरात ही गणितात पास झाली. दाखला आणला, पत्र्याच्या पेटीत ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणवाडीत भांडी घासायला गेली. नवीन सेविका वयानं हिच्याहून लहान. ही तिला मॅडम म्हणायची. घरी कधी एका शब्दानं बोलली नाही. मी दुकानाची पाटी मात्र काढून ठेवली. लोकांना वाटलं रंग उडाला म्हणून.

पुढचा अधिक महिना आला. पुन्हा धोंडा, पुन्हा बोलावणं. पाट मांडला, रांगोळी घातली, मामींनी पायावर पाणी ओतलं. पंगतीला भावकीतली दहा-बारा माणसं. मी पहिला घास उचलला आणि बायकोचा चुलता कौतुकानं म्हणाला, ‘पाव्हण्यांनी इंजिन बसवल्यापासून लाँचला बघायला नगं. एकदा काय ते जाळं अडाकलं, तेवढंच.’

माझा घास हातातच राहिला. काय झालं मला सांगता येणार नाही. बहुधा पायांना अजून पाणी लागलेलं होतं, घाटावरच्या त्या सकाळसारखं, त्याचं झालं असेल.

‘जाळं न्हाय,’ मी म्हणालो. ‘जाळं सगळ्यांच्याच पंख्यात अडकतं. मी टेप एका बॅटरीवर लावला होता. ज्या कामाला मी लोकांना शिव्या देतो तेच काम. चूक माझी होती.’

सगळे आपापल्या पानात बघायला लागले. मामा घाईनं म्हणाले, ‘जेवा, पाव्हणं, जेवा. आजच्या दिवशी असलं बोलू न्हाय. बॅटरीच जुनी व्हती.’

‘जुनी नव्हती, मामा. नवी कोरी होती.’

‘बरं, आसंल. घ्या, तूप घ्या.’

ही अनारशांचं ताट घेऊन वाढायला आली होती. माझ्या समोर येऊन उभी राहिली. तिच्या बापाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

‘खरं हाय त्यांचं,’ ती म्हणाली. आवाज चढवलेला नव्हता, पण पंगतीच्या टोकापर्यंत गेला. ‘चूक त्यांचीच होती. माझा पेपर त्यांच्या टेपानं घालवला. आन् आबा, तुमची बी चूक. पाच येळा बॅटरी वाहून न्यायला जमलं, एकदा तोंड उघडायला जमलं न्हाय. मलाबी गप बसवलंत. आज मी मॅडमच्या हाताखाली भांडी घासती ती तुमच्या दोघांच्या मानपानापायी.’

मामी दारातून म्हणाल्या, ‘अगं, जावई हायत ते!’

‘हायत की. मी कुठं न्हाय म्हणले?’ असं म्हणून तिनं माझ्या पानात दोन अनारसे आदळले. एक तुटला.

मला वाटलं होतं की असं कुणी चारचौघांत बोललं तर मी पानावरून उठून जाईन. पण मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला मी तो तुटका अनारसा तोंडात टाकला. मामांनी हात पानातच ठेवला होता, खात नव्हते. त्यांचे ओठ हलत होते, उतारू मोजताना हलायचे तसे. मग त्यांनी घसा खाकरला.

‘पाव्हणं,’ ते पानाकडं बघत म्हणाले, ‘लाँचचा पुढचा दिवा लागंना. सा म्हैनं झालं.’

त्या माणसानं माझ्या कामाला ठेवलेलं ते पहिलं नाव. मी म्हणालो, ‘जेवण झालं की बघू.’ आणि जेवण झाल्यावर अंगावरचा नवा टॉवेल न काढताच मी पिशवीतून टेस्टर काढला आणि घाटाकडं निघालो. मामा मागनं आले. उतारावर मला गाठून म्हणाले, ‘आन् छोट्या डायनॅमोचा पट्टा बी ढिला हाय.’